मिनिटाला पन्नास श्वास

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल वांगणी सोडते तशी ठाणे जिल्ह्याची हद्द संपते आणि रायगडचं पहिलं स्टेशन येतं ते शेलू. पुण्याकडे धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथं थांबत नाहीत. पुढचं स्टेशन नेरळ, आणि नेरळच्या डोक्यावर माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले. त्यानंतर मुंबईची सुखवस्तू मंडळी हवापालटासाठी इथं येऊ लागली आणि १९०७ मध्ये त्यांच्या सोयीसाठी छोटी गाडीही सुरू झाली. डोंगरमाथ्यावरच्या स्वच्छ हवेबद्दल दीड शतकात पुष्कळ लिहिलं गेलं. डोंगराच्या पायथ्याला, शेलू-नेरळच्या आसपासच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत, माणसं कोणत्या हवेत श्वास घेत होती याची नोंद मात्र फारशी कुणी ठेवली नाही. एका खोलीचं घर, त्यातच चूल, पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर, दिवाळीनंतर वीटभट्टीवर पडणारा मुक्काम आणि पाठीवर किंवा झोळीत तान्हं मूल. अशा मुलाला धाप लागली की सुईण किंवा भगत सापडे, डॉक्टर सापडत नसे. आज नेरळला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, त्यापुढे उल्हासनगर आणि मुंबई. नकाशावर ही अंतरं किरकोळ दिसतात. रात्री बाराला ज्याच्या बरगड्या आत ओढल्या जात आहेत अशा मुलाच्या आईसाठी ती किरकोळ नसतात.

हे अंतर कमी करायचे दोन मार्ग इतिहासात दिसतात. एक, मुलाला औषधापर्यंत नेणं. दुसरा, औषध मुलापर्यंत आणणं. पहिल्या मार्गाला रस्ते, गाड्या, इमारती, डॉक्टर लागतात आणि तो आजही अर्धवट आहे. दुसऱ्या मार्गाला दोनच गोष्टी लागतात: गावातल्या बाईच्या हाती निर्धास्तपणे देता येईल असं औषध, आणि ते कुणाला द्यायचं हे ओळखणारी बाई. यातली पहिली गोष्ट जिवाणूंच्या एन्झाइमांच्या रचनेतून मिळाली. दुसरी महाराष्ट्राच्या खेड्यांत घडली. या दोन्ही कामांचं मोल सारखं आहे, दोन्ही संशोधनाची कामं आहेत, असं माझं प्रतिपादन आहे. त्यातल्या पहिल्याला आपण विज्ञान म्हटलं आणि दुसऱ्याला 'अंमलबजावणी' किंवा 'सेवा' म्हणून बाजूला ठेवलं. ही विभागणी खोटी आहे, हे इतिहासातूनच दाखवता येतं, आणि प्रतिजैविकं निकामी होत चाललेल्या आजच्या काळात ती धोक्याचीही आहे.

आधी रोगाकडे पाहू. लहान मुलाच्या फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग झाला की हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत द्राव भरतो, प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही आणि ती तूट भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेऊ लागतं. संसर्ग वाढला की छातीचा खालचा भाग प्रत्येक श्वासागणिक आत ओढला जातो. महाराष्ट्रातल्या आयांनी हे शेकडो वर्षं पाहिलं आहे. 'डबा झाला', 'छाती भरली', 'पोट उडतंय' असे शब्दप्रयोग सांगतात की लक्षण ओळखण्यात त्या कमी पडत नव्हत्या. कमी होता तो उपाय. शेक, काढे, अंगारा, आणि अनेक भागांत पोटावर डाग देणं. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देण्याची प्रथा अलीकडेपर्यंत चर्चेत होती. या प्रथेला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण जिथं दुसरा उपाय हाताशी नाही, तिथं काहीतरी केल्याचं समाधान तरी माणूस शोधतोच. औषध ज्यांच्यापर्यंत पोचलं त्यांचंही चित्र फार जुनं नाही. १९३८ मध्ये सल्फापिरिडीन आलं तेव्हा कुठे न्यूमोनियावर पहिलं खरं औषध जगाच्या हाती लागलं. त्यानंतर पेनिसिलिन आलं. पण ते दीर्घकाळ सुईतून द्यावं लागे आणि सुई डॉक्टरच्या किंवा नर्सच्या हातात असे. १९४६ च्या भोर समितीने खेड्यापर्यंत आरोग्यसेवा नेण्याचा भव्य आराखडा मांडला. त्या आराखड्यातही उपचाराचा अधिकार प्रशिक्षित वैद्यकीय माणसाकडेच होता.

हा अधिकार खाली सरकायला कारणीभूत ठरलं ते तोंडाने घ्यायचं, स्वस्त आणि बहुतांशी निर्धोक औषध. को-ट्रायमॉक्सॅझोल हे त्याचं नाव. सेप्ट्रान या नावाने ते आपल्याकडे घरोघर ओळखीचं झालं. त्यात दोन औषधं असतात आणि दोन्ही जिवाणूच्या एकाच कारखान्यावर हल्ला करतात. पेशीला नवा डीएनए घडवायचा तर फोलेट लागतं. माणूस ते पालेभाज्या आणि डाळींतून मिळवतो. न्यूमोनियाच्या जिवाणूंना मात्र ते स्वतः तयार करावं लागतं, आणि त्यासाठी डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज नावाचं एन्झाइम लागतं. हे एन्झाइम माणसाच्या शरीरात नाहीच. सल्फा औषध या एन्झाइमला चकवतं. त्याला हव्या असलेल्या कच्च्या मालासारखं दिसून ते त्याची जागा अडवतं. दुसरं एन्झाइम, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, माणसातही आहे आणि जिवाणूतही. इथे खरी अडचण होती, कारण दोघांचंही बंद पडलं तर औषध विष ठरेल. एमिल फिशरने १८९४ मध्ये एन्झाइम आणि त्याचं लक्ष्य यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. तीच इथे लागू पडते: एकाच कामाची ही दोन कुलपं आतल्या खाचांत वेगळी आहेत, आणि ट्रायमेथोप्रिम जिवाणूच्या कुलपात हजारो पटींनी घट्ट बसतं. जॉर्ज हिचिंग्ज आणि गरट्रूड इलियन यांना १९८८ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल मिळालं, त्यामागे अशाच फरकांचा शोध होता.

या शोधाचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. हिचिंग्ज यांच्या गटाने वेगवेगळ्या प्राण्यांतलं आणि जिवाणूंतलं हे एन्झाइम वेगळं काढलं, प्रत्येकाला बंद पाडायला किती औषध लागतं ते मोजलं, आणि १९६५ च्या सुमारास त्या आकड्यांवरून फरक सिद्ध केला. एन्झाइमची त्रिमिती रचना तोवर कुणीच पाहिलेली नव्हती. क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवाणूच्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेजची रचना उलगडली ती १९७७ मध्ये. सल्फाच्या लक्ष्याची, डायहायड्रोप्टेरोएट सिंथेजची रचना तर १९९७ मध्ये हाती आली. म्हणजे मोजणी आधी झाली आणि चित्र नंतर आलं. मोजणी शिस्तशीर असेल तर चित्राशिवायही योग्य निर्णय घेता येतो, हे प्रयोगशाळेनेच दाखवून दिलं. नेमकी हीच गोष्ट त्यानंतरच्या काळात खेड्यात घडली. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेले तर त्याला प्रतिजैविकाची गरज आहे असं मानायला भक्कम आधार मिळतो. क्ष-किरणाचा फोटो नको, स्टेथोस्कोप नको. फक्त एक मिनिट आणि मुलाच्या उघड्या छातीकडे लागलेली नजर. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे हेच निकष वयानुसार ठरवले: दोन महिन्यांखाली साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षं चाळीस.

आता हे मोजायचं कुणी? या प्रश्नाचं उत्तर देण्याची तयारी महाराष्ट्रात आधीपासून चालू होती. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं त्या काळात, अलिबागजवळ मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनी असाच प्रयोग मांडला. अंटिया हे जे. जे. रुग्णालयातले प्लॅस्टिक सर्जन, कुष्ठरोग्यांच्या हातापायांवरच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारी विकृती गावातच लवकर ओळखली असती तर झालीच नसती, या जाणिवेतून ते खेड्याकडे वळले. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्य संशोधनासाठी संस्था उभी केली. मांडव्याच्या परिसरात गावातल्याच बायका क्षय आणि कुष्ठरोगाचे संशयित हुडकत, उपचार मध्येच सुटू नये म्हणून पाठपुरावा करत. क्षय हाही मुख्यतः फुप्फुसाचाच रोग. महिनोन्महिने गोळ्या घ्यायच्या तर रुग्णाच्या दारात रोज जाऊ शकणारं माणूस हवं, आणि ते माणूस शेजारीणच असू शकतं. स्थानिक हितसंबंधांच्या विरोधामुळे हा प्रयोग टिकला नाही. कोणत्या बाईला काय येतं यापेक्षा तिला ते करू द्यायचं की नाही, हा वाद मोठा ठरला. १९७७ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक आरोग्य सेवक योजना आणली. तीत पुरुषांचाच भरणा अधिक झाला, आणि आजारी मुलाच्या अंथरुणाशी ज्यांना सहज जाता येतं त्या बायका बाहेरच राहिल्या.

या पार्श्वभूमीवर गडचिरोलीचा प्रयोग वाचला पाहिजे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ५८ गावांत बालन्यूमोनियाचा कार्यक्रम हाती घेतला आणि ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. उपचाराच्या गावांत पाच वर्षांखालची ६,१७६ मुलं होती, तुलनेच्या गावांत ३,९४७. निमवैद्यकीय कार्यकर्ते, ग्राम आरोग्य सेवक आणि बाळंतपण करणाऱ्या दाया यांना श्वास मोजायला आणि को-ट्रायमॉक्सॅझोल द्यायला शिकवलं; आईबापांना लक्षणं सांगितली. वर्षभरात ६१२ मुलांवर उपचार झाले. त्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांत ते १३.५ टक्के होतं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, उपचाराच्या गावांत ८.१. एकूण बालमृत्यू ४०.७ विरुद्ध २८.५. औषधाचा खर्च वाचलेल्या प्रत्येक मुलामागे तीन डॉलरही नव्हता. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. पुढे ज्यांची मोजणी दहाबारापलीकडे जात नाही अशा दायांसाठी बंगांनी श्वासगणक बनवला, आणि १९९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असतात. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोठ्या बाळासाठी पाच मण्यांची ओळ, दोन महिन्यांखालच्यासाठी सहा मण्यांची. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर औषध सुरू. निरक्षर बाईला अक्षर शिकवण्याची वाट न पाहता तिला जे येतं त्यातूनच मोजमाप उभं करणारं हे उपकरण आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. दाईने श्वास मोजले, गोळी दिली. यात तिचं संशोधन कोणतं? प्रश्न डॉक्टरांनी विचारला, आराखडा त्यांनी आखला, निष्कर्ष त्यांनी काढला. आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. पण संशोधनात पुरावा कुठे तयार होतो हे पाहिलं तर तो टिकत नाही. या चाचणीत सिद्ध काय करायचं होतं? को-ट्रायमॉक्सॅझोल जिवाणू मारतं हे आधीच ठाऊक होतं. सिद्ध करायचं होतं ते हे की गावातली बाई न्यूमोनिया ओळखू शकते आणि तिने ओळखला तर मूल वाचतं. म्हणजे दाईची नजर आणि तिचा निर्णय हाच या प्रयोगाचा विषय होता आणि तेच त्याचं उपकरणही होतं. तिने श्वास मोजले नसते तर आकडाच तयार झाला नसता. हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत नलिकेतलं मापन करणाऱ्या सहकाऱ्याचं नाव निबंधावर येतं, आणि ते आलंच पाहिजे. 'लॅन्सेट'च्या त्या निबंधावर बंग दांपत्याखेरीज इतरही सहकाऱ्यांची नावं आहेत, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट. दायांची नावं मात्र त्या यादीत नाहीत. हा कुणा एका संस्थेचा दोष नव्हे. जगभरच्या वैद्यकीय लेखनाचा तो शिरस्ता होता आणि अजून आहे. बंगांनी दायांच्या कामावर १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून निदान एवढं दिसतं की त्यांच्या दृष्टीने दाया ही केवळ औषध पोचवणारी माणसं नव्हती.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या बळाबद्दल आहे. एका जिल्ह्यातल्या, तळमळीच्या एका संस्थेने केलेल्या कामावरून सगळीकडचा निष्कर्ष कसा काढायचा? शिवाय अशा सुरुवातीच्या बऱ्याच चाचण्यांत गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे फरक आधीपासूनच असण्याची शक्यता उरते. ही शंका घ्यायलाच हवी. तिचं उत्तर एका चाचणीतून मिळत नाही, अनेकींच्या बेरजेतून मिळतं. सुनील सझावाल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा नऊ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात पाच वर्षांखालचे एकूण मृत्यू सरासरी २४ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचे ३६ टक्क्यांनी घटलेले दिसले. गडचिरोलीइतका मोठा फरक सगळीकडे पडला नाही, हे खरं. पण दिशा तीच राहिली. लसींमुळे आता हा विषय जुना झाला, असंही कुणी म्हणेल. न्यूमोकोकसची लस २०२१ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली, ही फार मोलाची गोष्ट आहे. तरीही २०१९ मध्ये जगात सात लाखांहून अधिक मुलं न्यूमोनियाने गेली, आणि लस घेतलेल्या गावातही धाप लागलेलं मूल ओळखावं लागतंच. वीटभट्टीवर सहा महिने राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलाचा डोस चुकतो तेव्हा तर फारच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: प्रतिजैविकं अर्धशिक्षित हातांत दिली म्हणूनच जिवाणू शिरजोर झाले. शिरजोरी खरी आहे, आणि तिचं मूळही एन्झाइमच्या रचनेतच आहे. न्यूमोकोकसच्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेजमध्ये शंभराव्या जागेवरचं आयसोल्यूसीन जाऊन तिथे ल्यूसीन आलं, तर तेवढ्याने ट्रायमेथोप्रिमची पकड सुटते. दोन्ही अमिनो आम्लांत अणू तेवढेच असतात, फक्त एका फांदीची जागा बदलते. एवढ्या बदलाने लाखो मुलांना वाचवणारं औषध कमकुवत झालं आणि १९९० च्या दशकात अनेक देशांतून तशा नोंदी येऊ लागल्या. पण याचा दोष दाईच्या माथी मारण्यापूर्वी गडचिरोलीचे आकडे पुन्हा पाहावेत. ६,१७६ मुलांमागे वर्षाला ६१२ उपचार, म्हणजे दहा मुलांमागे साधारण एक. दाईला श्वास मोजल्याशिवाय औषध द्यायची मुभा नव्हती. सर्दी-पडशालाही प्रतिजैविक लिहून देणाऱ्या किंवा चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या बाजाराला असा कोणताच निकष पाळावा लागत नाही. श्वासांचा निकष अचूक नाही, हेही मान्य केलं पाहिजे; विषाणूमुळे किंवा दम्यामुळे भराभर श्वास घेणारी मुलंही त्यात येतात. कराचीतल्या चार हजारांवर मुलांच्या एका चाचणीत (२०२०) केवळ भराभर श्वास असलेल्या मुलांना ॲमॉक्सिसिलिन दिलं तेव्हा २.६ टक्क्यांत उपचार फसला, नुसत्या बिनऔषधी मात्रेने ४.९ टक्क्यांत. फरक आहे, पण पूर्वी वाटला तेवढा नाही. निकष सुधारायला हवा, असा याचा अर्थ. मोजणं सोडून द्यावं, असा नव्हे. ज्या बायका मोजतात त्यांच्याचकडून सुधारलेला निकष तपासून घ्यावा लागेल.

को-ट्रायमॉक्सॅझोल मागे पडलं तेव्हा ॲमॉक्सिसिलिन पुढे आलं, आणि त्याच्या इतिहासात महाराष्ट्राचा दुसरा धागा सापडतो. पेनिसिलिन कुळातली ही औषधं जिवाणूची भिंत विणणाऱ्या एन्झाइमांना जखडून ठेवतात. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्याने इथेही निर्धोकपणा रचनेतूनच येतो. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्याने उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिनचं ॲमॉक्सिसिलिन करायचं तर आधी त्याची एक बाजू कापून गाभा मोकळा करावा लागतो. हे काम पेनिसिलिन ॲसायलेज नावाची जिवाणूंचीच एन्झाइमं सफाईने करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या एन्झाइमांवर दीर्घकाळ काम झालं. सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये पेनिसिलिन व्ही ॲसायलेजची स्फटिकरचना प्रसिद्ध केली आणि हे एन्झाइम कोणत्या घराण्यातलं आहे ते दाखवून दिलं. म्हणजे रोगाच्या जिवाणूतलं एक एन्झाइम औषधाचं लक्ष्य, आणि दुसऱ्या जिवाणूतलं एन्झाइम ते औषध घडवणारं हत्यार. बोरघाटाच्या वरच्या अंगाला हे काम चालू होतं तेव्हा घाटाखालच्या वाड्यांत त्याच औषधाचा प्रश्न होता तो पोचण्याचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये बालन्यूमोनियासाठी 'सांस' मोहीम सुरू केली. तीत मुलाला रुग्णालयात पाठवण्यापूर्वी ॲमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देण्याची मुभा आशा कार्यकर्तीला मिळाली. गडचिरोलीच्या निबंधानंतर एकोणतीस वर्षांनी.

शेवटचा आक्षेप आशांच्या बाजूनेच येतो, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. डॉक्टर खेड्यात राहत नाहीत म्हणून त्यांचं काम कमी मोबदल्यावर बायकांच्या गळ्यात घालायचं आणि वर त्याला सक्षमीकरण म्हणायचं, हा अन्याय नाही का? २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली ती 'स्वयंसेविका' म्हणून. कामागणिक मोबदला, कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी वारंवार रस्त्यावर उतरावं लागलं आहे. तेव्हा संशोधनाचं आणखी एक ओझं त्यांच्यावर टाकावं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं उलटं आहे: संशोधनाचं काम त्या आजही करतच आहेत, फक्त ते फुकटात आणि बिननावाने. घरभेटीचे रकाने, श्वासांची नोंद, कुठल्या मुलाला कधी धाडलं याचा हिशेब, हा सगळा कच्चा पुरावा त्यांच्या वह्यांत जमतो, वर जातो आणि एका बेरजेत विरघळतो. त्या बेरजेतून त्यांच्याकडे परत काहीच येत नाही. या कामाला संशोधन म्हटलं की तीन गोष्टी आपोआप मागता येतात: त्या वेळेचा पगार, कौशल्याचं प्रशिक्षण, आणि निष्कर्षावर नाव. मांडव्यात जे मोडलं ते याच ठिकाणी मोडलं. बायकांना काम येत होतं, पण त्या कामावरचा त्यांचा हक्क कुणी लिहून दिला नव्हता.

कर्जत तालुक्याच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो तेही सांगितलं पाहिजे. शेलू आता झपाट्याने बदलतं आहे. स्टेशनच्या दोन्ही अंगांना इमारती उठत आहेत, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना शेलू-वांगणीत घरं देण्याची योजनाही सरकारने मांडली. एकाच गावात लोकलने रोज मुंबईला जाणारी माणसं, वीटभट्टीवरची कुटुंबं आणि वाडीतली मुलं एकमेकांशेजारी राहणार. शहरातल्या दवाखान्यांत घडलेले शिरजोर जिवाणू संध्याकाळच्या गाडीने इथं उतरायला कुणाची हरकत नाही. कोणतं औषध या तालुक्यातल्या मुलाला अजून लागू पडतं, हे सांगण्यासाठी आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांतले नमुने असतात. वाडीतल्या मुलाचा नमुना त्यात क्वचितच असतो. आशाची वही, नेरळसारख्या आरोग्य केंद्रातली परिचारिका, तालुक्याच्या रुग्णालयातली प्रयोगशाळा आणि जिवाणूचं एन्झाइम कुठल्या जागी बदललं हे वाचू शकणारी पुण्या-मुंबईची संस्था, ही साखळी जोडायला नवा शोध लागत नाही. सगळ्या कड्या आज जागेवर आहेत. त्यांना जोडणारा आदेश, निधी आणि मान तेवढा नाही.

प्रयोगशाळेतलं ज्ञान वरून खाली झिरपतं आणि गावाने ते ओंजळीत घ्यायचं असतं, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. बालन्यूमोनियाचा इतिहास तिला आधार देत नाही. एन्झाइमांतला फरक मोजल्याशिवाय औषध निर्धोक ठरलं नसतं. श्वास मोजल्याशिवाय ते औषध उपयोगी ठरलं नसतं. दोन्ही मोजण्या चित्र दिसण्याआधी झाल्या, दोन्ही चिकाटीने झाल्या, आणि दोन्हींवर मुलांचे जीव उभे राहिले. पुढच्या वेळी जिवाणू आपलं एन्झाइम बदलेल तेव्हा त्याची पहिली खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाही. औषधाचे दोन दिवस पूर्ण होऊनही एखाद्या वाडीतल्या मुलाचे श्वास पन्नासच्या खाली येत नाहीत, अशा रूपात ती दिसेल, आणि ती पहिल्यांदा पाहणारी आशा असेल. तिने पाहिलेलं नोंदलं जाईल, वाचलं जाईल आणि तिच्या नावाने मांडलं जाईल अशी व्यवस्था आधीच उभी करणं, हे आरोग्यखात्याचं, विद्यापीठांचं आणि प्रयोगशाळांचं आजचं काम आहे.